वाघमाऱ्यांसाठी पाहिलेली गाडी

मी गाडीखाली पाठीवर पडलो होतो आणि वाघमारे वाकून विचारत होते, "जाधवसाब, कसं काय वाटतंय?"

काहीच चांगलं वाटत नव्हतं. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. इंजिन, बॉडी, चाकं, सगळं त्याच्या आधाराने असतं. या चासीला डाव्या बाजूला वेल्डिंगचा जाड सांधा होता आणि त्यावर ताजा काळा रंग फासलेला. गाडी कुठेतरी जबर आपटली होती. वाकलेला भाग कापून दुसरा जोडला होता. अशी गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते, टायर खाते, आणि एखाद्या दिवशी सांध्यातच मोडते.

मी बाहेर आलो आणि नाही म्हणालो. अफझलगंजजवळच्या त्या शेडचा दलाल खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. "वेल्डिंग मजबूती के वास्ते मारे साब. मक्खन गाडी है, नक्को कैकू बोलते?" वाघमारे माझ्याकडे बघत राहिले. मी होकार द्यावा असं त्यांना फार वाटत होतं.

आम्ही दोघं एकाच सरकारी कारखान्यातले. मी वाहन विभागात इंजिनिअर, ते हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात. उदारीकरण आलं, बाहेरचा माल आला, आणि कारखान्यात माणसं जास्त झाल्याचा शोध लागला. व्हीआरएस आली. स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा कोणाची, हे कोणी विचारलं नाही. मी जुन्या गाड्या तपासून रिपोर्ट देण्याचं काम सुरू केलं. माझं बरं चाललं, कारण शहरात अचानक सगळ्यांना गाडी हवी झाली होती. टाइम ऑफिसातल्या माणसाला बाहेर काय काम असतं?

वाघमाऱ्यांना एक काम दिसलं होतं. शहराबाहेर एक नवी कंपनी प्लांट बांधत होती. तिथे जाणारा रस्ता म्हणजे नुसते दगड. लहान गाडीचं पोट घासायचं. कंपनीच्या ॲडमिन मॅनेजरने त्यांना सांगितलं होतं की उंच, मोठी गाडी आणा, इंजिनिअरांना ने-आण करायला महिन्याच्या भाड्याने लावून घेतो. एसयूव्ही हा शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हता. सगळे 'बडी गाडी' म्हणत. नवी परवडणारी नव्हती. जुनी घ्यायची, तर व्हीआरएसचे सगळे पैसे त्यात जाणार होते. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

आम्ही महिनोन्महिने हिंडलो. एका गाडीचा मीटर फारच कमी फिरलेला दिसला. पण क्लचच्या पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. म्हणजे मीटर मागे फिरवलेला. एका गाडीच्या दारावर मी लोहचुंबक लावला, तो चिकटेना. रंगाखाली पत्रा कमी आणि खड्डे बुजवायची पुट्टी जास्त. एकीचं इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं, तर आतून भकाभका धूर बाहेर. याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इंजिन आतून झिजलं, की जोर चाकांकडे जायच्या ऐवजी असा वाया जातो. दर वेळी मी नाही म्हणायचो. वाघमारे "बरं" म्हणून स्कूटरला किक मारायचे. ते "बरं" दर वेळी थोडं हळू ऐकू यायचं.

एका रविवारी त्यांनी मला दिलसुखनगरला घरी नेलं. त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, एका नर्सिंग होममध्ये नर्स होत्या. वाघमारे दूध आणायला खाली गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, अशी गाडी मिळते का तरी? का उगीच हिंडायलात दोघं?"

मी म्हणालो, मिळते, वेळ लागतो.

मग त्यांनी सांगितलं की वाघमारे अजून रोज सकाळी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालतात, डबाही भरून मागतात, आणि गॅलरीत बसून राहतात. डबा दुपारी तिथेच खातात. "काही बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "बोलले असते तर बरं झालं असतं."

त्यानंतर मी माझी दुसरी कामं मागे टाकली.

गाडी मिळाली ती हिमायतनगरमध्ये. खाणींचं सर्वेक्षण करणारे एक गृहस्थ वारले होते आणि त्यांची गाडी गॅरेजात उभी होती. त्यांच्या पत्नी तेलुगू, शाळेत शिकवणाऱ्या. आम्ही विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की एसी चालत नाही आणि क्लच एकदा बदललेला आहे. गाडी विकणाऱ्याने आपणहून खोट सांगितल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. हे महत्त्वाचं. विकणारे बहुधा गाडी आधीच गरम करून ठेवतात, कारण थकलेलं इंजिन गार असतानाच पकडलं जातं. पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं. धूर नाही. ऑइलचं झाकण काढलं, तिथेही नाही. चासी टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपली, कुठेही सांधा नाही. चारही टायर सारखे झिजलेले. चासीवर ठोकलेला नंबर आणि कागदावरचा नंबर एकच. मग खडीच्या रस्त्यावर नेऊन फोर व्हील टाकून बघितलं. त्यात पुढच्या चाकांनीसुद्धा जोर घ्यायचा असतो, तो ती मुकाट्याने घेऊ लागली. कुठे खडखड नाही.

मी वाघमाऱ्यांना सांगितलं, "घ्या."

ते रस्त्याच्या कडेला जाऊन पाठ करून उभे राहिले.

खाजगी गाडी भाड्याने लावायची तर टॅक्सीचं परमिट लागतं, नंबरची पाटी पिवळी करून घ्यावी लागते. त्यात काही आठवडे गेले. मग वाघमारे मला म्हणाले, रिपोर्ट घेऊन कंपनीत तुम्हीही चला, इंजिनिअर माणूस बरोबर असलेला बरा.

ॲडमिन मॅनेजर तरुण होता, वागायला सभ्य. आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. मग म्हणाला, "वाघमारेजी, मी तसं बोललो होतो खरं. पण आता फॉरेन पार्टनर आलेत. त्यांची सेफ्टी पॉलिसी आहे. नवीनच गाड्या, त्याही एजन्सीच्या. जुनी गाडी गेटच्या आत येऊ शकत नाही."

मी रिपोर्ट पुढे केला. म्हणालो, अशी गाडी नव्यातही सहज मिळणार नाही, तुमच्या माणसाकडून तपासून घ्या. त्याने रिपोर्ट उघडला नाही, फक्त नीट सरळ करून मला परत दिला. खिडकीतून खाली, गेटबाहेर उभ्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "गाडी छान आहे हो."

वाघमारे एवढंच म्हणाले, "साब, एकदा चालवून तरी बघा." मॅनेजर उठून आम्हाला दारापर्यंत सोडायला आला. त्याच्या हातात काही नव्हतं, हे मलाही कळत होतं.

परत येताना वाघमारे अगदी हळू चालवत होते. मागून हॉर्न वाजत होते. शहरात शिरल्यावर त्यांनी विचारलं, "गाडीत काही खोट नाही ना, जाधवसाब?"

"नाही."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

त्यांनी लग्नाची भाडी करून पाहिली, यात्रेकरू नेले. पण मोठ्या गाडीचं डिझेल मोठं, आणि भाडं मात्र लोक लहान गाडीचं देत. तोवर बँका हप्त्याने नव्या गाड्या वाटू लागल्या होत्या. मग जुनी पाहिजे कोणाला? शेवटी नलगोंड्याच्या एका रस्ते-कंत्राटदाराने ती उचलली, पडत्या भावात. वाघमारे एका कापडदुकानात कॅशवर बसू लागले. सुमनवहिनी रात्रपाळीही घेऊ लागल्या. वाटेत भेटलो तर वाघमारे थांबायचे, विचारपूस करायचे. गाडीचा विषय मात्र त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

तो कंत्राटदार पुढे एकदा दुसऱ्या कामासाठी माझ्याकडे आला होता. गाडीने एक दिवस त्रास दिला नाही म्हणाला. माझा रिपोर्ट शब्दाशब्दाने खरा ठरला.

आता कोणी धंद्यासाठी जुनी गाडी दाखवायला आलं, की बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, काम कोण देणार आहे, आणि त्याने लिहून दिलंय का. बहुतेकांना राग येतो. म्हणतात, तुम्ही गाडीचं बघा. काही जण मग दुसऱ्याकडून तपासून घेतात.