आईनं ताईला विचारलं, किती जण?

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

आम्ही अक्कलकोटचे. गुरुवारी दर्शनाला बाहेरगावचे लोक लोटतात आणि आम्ही घरातल्या खोल्या त्यांना भाड्यानं देतो. माझं कॉलेज त्यावरच झालं, हे नाकारत नाही.

आज फाटक वाजलं तशी आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "किती जण हायसा? एकच खोली राहिलीय."

दारात सोलापूरला दिलेली माझी ताई होती, हातात बॅग.

"एकटीच हाय की," ती हसत म्हणाली. पण मुक्कामाला थांबली नाही. "गर्दीचा दिवस हाय तुमचा," म्हणत चहा पिऊन परतीच्या एसटीत बसली.

आत्ता फाटकाशी पुण्याची गाडी थांबलीय. खोली रिकामी आहे, पण किल्ली आईच्या कमरेला आहे आणि ती उठत नाही. काय सांगू त्यांना?