टिटवीच्या अंड्यांना टॅग

मंडळी, आज आमच्या चाकणच्या कंपनीत ऑडिट होतं आणि नेमकी टिटवीने यार्डात, खडीवर, चार अंडी घातलेली!

आमच्याकडे नियम असा, की यार्डात पडलेल्या प्रत्येक वस्तूला टॅग हवा. टॅग नसेल तर थेट भंगारात. आमचे फोर्कलिफ्टवाले शिंदेकाका मूळचे याच गावचे. सकाळीच म्हणाले, "साहेब, टॅग लावा. न्हाईतर सफाईवाले उचलून टाकत्याल."

मी सेफ्टीवाला. भोवती पिवळी पट्टी बांधली आणि टॅग लिहिला. वस्तू: अंडी. नग: चार. मालक: टिटवी. उपयोग: पिल्लं. 'कधीपासून इथे?' हा रकाना काकांवर सोपवून ऑडिटरना आणायला पळालो.

ऑडिटर टॅग वाचायला वाकले आणि टिटवी किंचाळत थेट त्यांच्या हेल्मेटवर! साहेब खडीत बसलेच. म्हणाले, "सिक्युरिटी चांगली आहे तुमची."

मग टिटवी एसीच्या गळक्या पाइपखाली पोट भिजवून आली आणि तशीच ओली अंड्यांवर बसली.

"अंडी गार करती," काका म्हणाले. "ऊन लई वाढलंय. पूर्वी वढ्यात भिजायची. आता त्यो आपल्या शेडखाली गेला."

ऑडिटरनी टॅग उचलला. शेवटच्या रकान्यात काकांनी लिहिलं होतं: 'कंपनीच्या आधीपासून.'

साहेबांनी त्याखाली सही केली.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. उद्या टिटवीने आपल्याला टॅग लावला, तर 'उपयोग' या रकान्यात ती काय लिहील हो?