दुसरं उत्तर

बोंडअळी बीटी कपाशीलाही सोडत नाही हे कळलं, त्या साली मी मोताळ्याजवळ ताईकडे गेलो होतो. बियाणं, खत, फवारणी, सगळं कृषी खात्यानं सांगितल्याप्रमाणे तिनं केलं होतं, तरी बोंडं किडली. घरात कापसाच्या ढिगाशी बसून आम्ही किडका कापूस वेगळा काढत होतो.

"तिकडं कॉलेजात काय शिकवून राह्यला तू?" तिनं विचारलं. गणितात ती माझ्याहून हुशार होती. पण शाळा तिची सुटली, माझी नाही.

मी ढिगात हात खुपसला. अशा पोकळ, सच्छिद्र वस्तूतून ऊब कशी वर सरकते त्याची समीकरणं सोडवतो, म्हणालो. कधीकधी एकाच समीकरणाला दोन उत्तरं येतात.

"मंग दोन्ही ठेवता का?"

एकच टिकतं, मी मास्तरकीच्या तोऱ्यात सांगितलं. दुसरं जरा धक्का लागला की मोडतं, म्हणून ते आम्ही सोडून देतो.

ताईचे हात थांबले नाहीत. "काऊन? त्याचं काही चुकलेलं असते का?"

माझी मान वर होईना.

"नाही," मी म्हणालो. "सगळ्या अटी त्यानंही पाळलेल्या असतात."