आईनं नेलेली फाइल

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर दोनच वर्षांत त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं. तेव्हाचे सगळे कागद आईनं एका कापडी पिशवीत जपून ठेवले होते.

गेल्या वर्षी मी अकोल्याहून माहेरी, चांदूर बाजारला गेले होते. सकाळी दाढी करता करता बाबा एकदम खाली बसले. डावा हात छातीवर.

"दुखून... राहिलं."

बनियन घामानं चिंब झालं होतं. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून त्यांना गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले, "अटॅक आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ, आपल्याकडे आहे." नर्स ते आणायला वळली. मला धीर आला.

"आधी लकवा वगैरे झाला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

आईनं निघताना उचललेल्या त्या पिशवीतली फाइल लगेच काढून दिली. डॉक्टर मेंदूच्या सीटी स्कॅनचा फोटो खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी नर्सला हातानंच थांबवलं.

"यांना देता येणार नाही. डोक्यात परत रक्तस्राव झाला तर आपल्या हातात काही राहणार नाही. अमरावतीला न्या, तिथं अँजिओप्लास्टी करतील."

"पण औषध हाये ना तुमच्यापाशी?" आईनं विचारलं.

"आहे, काकू. यांच्यासाठी नाही."

त्यांनी बाबांना एक गोळी चघळायला दिली आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती यायलाच अर्धा तास लागला. पुढे तासाभराचा रस्ता. आई त्यांचे तळपाय चोळत होती, मी नुसती त्यांचा हात धरून बसले होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. अमरावतीच्या दवाखान्यात आधीच एका पेशंटची अँजिओप्लास्टी चालू होती. आम्ही बाहेर थांबलो.

बाबा वाचले. तोवर हृदयाचा बराच भाग मात्र निकामी झाला होता. आता दहा पावलं चालले तरी धाप लागते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यातली एक डॉक्टरांनी मुद्दाम सौम्य निवडली. डोकं दुखलं, उलटी झाली, शौचाला काळं झालं की लगेच आणा, असं बजावलंय. बाबांनी कपाळाला हात लावला तरी आई स्वयंपाक टाकून येते.

एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "मी ते फाइल काहून देली वं? गप बसली असती त इंजेक्शन भेटलं असतं त्याईले."

"आई, त्यानं जीव गेला असता."

"गेलाच असता, असं कोणी सांगतलं?"

डॉक्टरांचं बरोबर होतं, हे मला पटलेलं आहे. तरी मी तिच्यासमोरची मेथीची जुडी ओढून घेतली आणि निवडायला लागले.