थर्मासच्या तळाशी काय होतं

मोककाकूंनी सव्वीस वर्षं चीनच्या क्वांगचौ शहरातल्या एका जडीबुटीच्या दुकानात काउंटरमागे काढली. त्यामुळे कोणाच्या घरी कोणतं सूप उकळतंय यावरून घरात कोणाला काय झालंय, हे त्या जिन्यातच ओळखतात. "चौथ्या मजल्यावर माशाचं डोकं चढलंय. मास्तरांना पुन्हा चक्कर यायला लागली," असं त्या म्हणाल्या, की दुसऱ्या दिवशी मास्तर कठडा धरून उतरताना दिसायचेच.

अशा बाईला कोणी फुकट सूप पाठवू नये. पण मार्चमध्ये, भिंतींना घाम फुटायच्या दिवसांत, त्यांच्या सुनेनं, सुएत-यीनं, नेमकं तेच सुरू केलं. रोज सकाळी मुलगा कामावर जाताना पिशवीसकट थर्मास देऊन जायचा. आठवड्यापूर्वीच काकूंची वार्षिक तपासणी झाली होती. रिपोर्ट मुलानं आणला होता आणि "सगळं छान आहे, आई," एवढंच सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी काकू खालच्या मजल्यावर माझ्याकडे आल्या आणि माझ्या न वाचलेल्या पेपरवर त्यांनी थर्मासचा गाळ पालथा केला.

"हे मोड."

मी गाळातला झाडाच्या सालीचा तुकडा मोडला. आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे चंदेरी तंतू निघाले.

"कंबर आणि मूत्रपिंड," काकू म्हणाल्या. "काल तुतीवरचं बांडगूळ होतं. म्हणजे रक्त. परवा रानवेलची. म्हणजे मळमळ. आता उरलं काय माझ्यात?"

"अहो काकू, सून प्रेमानं पाठवतेय."

"दोन वर्षांत जिला अंडं नीट उकडता आलं नाही, तिला आठवड्यात प्रेम आलं होय?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी आमच्या ह्यांना काय सांगितलं होतं, आठवतंय ना? जठराला सूज आहे म्हणून. पाच महिने, अगदी जाईपर्यंत, बिचारे सूज सूज करत राहिले. असं कसं लपवतात, ते मला शिकवू नकोस."

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला त्याचा आजार सगळ्यात शेवटी कळतो, तोही कळलाच तर.

सातव्या दिवशी त्या सुपाचं मातीचं भांडं घेऊन आल्या. तीस वर्षं उकळून उकळून आतून काळंभोर झालेलं. "तू ठेव. मी गेले की मुलगा फेकून देईल." मी दोन्ही हातांनी घेतलं आणि चेहरा पडलेला ठेवला. खरं सांगायचं तर त्या भांड्यावर माझा वर्षानुवर्षं डोळा होता. दुसऱ्याच दिवशी मी त्यात हाडं चढवली.

दुपारी काकू डोकावल्या. नाक वर करून म्हणाल्या, "चिनी जव घातलेस?"

"या दमट हवेत कोण घालत नाही? अख्खी गल्ली घालते."

काकू दारातच थबकल्या. "तिनं एकदाही घातले नाहीत."

"विसरली असेल."

"आठ दिवस?" त्या स्टुलावर बसल्या. "दुकानात बाईमाणसानं जव मागितले, की मी आधी एकच विचारायचे."

"काय?"

"पोटुशी नाहीस ना, म्हणून!" काकूंनी स्वतःच्या मांडीवर चापट मारली. "पोटुशीला जव वर्ज्य. साल गर्भ धरून ठेवायला. बांडगूळ त्यालाच. रानवेलची सकाळच्या ओकाऱ्यांना. अरे, हे सूप माझं नव्हतंच! ती स्वतःसाठी करतेय आणि उरलेलं मला पाठवतेय!"

अपमान आणि आनंद एकाच चेहऱ्यावर कसे मावतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

"मग लावा फोन, अभिनंदन करा."

"मूर्खा, तीन महिन्यांच्या आत कोणी तोंड उघडतं का?" असं म्हणून त्यांनी लगेच फोन लावला. "सुएत-यी? काही नाही, सहजच. स्टुलावर चढून कपडे वाळत घालू नकोस."

पलीकडून लगेच, "आई, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय सांगायचंय? हवा दमट आहे. घसरशील, एवढंच." आणि मग, उगाच विचारल्यासारखं, "माझा तो रिपोर्ट कुठे गेला गं?"

"थर्मासच्या पिशवीत आहे की. बाजूच्या कप्प्यात, पहिल्या दिवसापासून. तुम्ही वाचला नाहीत?"

रोज थर्मासचा तळ खरवडणाऱ्या बाईनं पिशवीचा कप्पा काही उघडला नव्हता. मी वर जाऊन पिशवी आणली आणि आम्ही तो उघडला. कागद सुपाच्या वाफेनं मऊ पडला होता. साखर किंचित जास्त. बाकी सगळं ठणठणीत. काकूंनी तो दोनदा वाचला, मग उजेडाकडे धरून मागूनही पाहिला.

मग त्या उठल्या आणि शेगडीकडे गेल्या. माझं सूप त्यांनी माझ्याच पातेल्यात ओतलं, जाता जाता चमचाभर चाखलं, आणि भांडं काखेत मारलं.

"अहो, ते तुम्ही मला दिलं होतं!"

"तेव्हा मी मरत होते," दारातून काकू म्हणाल्या. "आणि मीठ आधी घातलंस. मीठ शेवटी घालायचं असतं."