बाजूच्या सीटखालचा ब्रेक

माझी धाकटी बहीण गाडी शिकवते. वस्तीत तिला सगळे ब्रेकबाई म्हणतात, कारण शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटखालीही एक ब्रेक असतो आणि तो तिच्या पायाशी असतो. तो दाबला की समोर काचेखाली तांबडा दिवा लागतो. म्हणजे शिकणाऱ्याला कळतं, आपलं चुकलं आणि बाईंनी वाचवलं. ती मात्र सहसा तो दाबतच नाही. “एकदा दिवा लागला की माणूस पुढे दिव्याकडेच बघत बसतो, रस्त्याकडे नाही,” असं तिचं म्हणणं. तोंडाचा पट्टा मात्र अखंड चालू. शिकणाऱ्याच्या सासूची चौकशी करता करता ती त्याच्याकडून चढावर गाडी चढवून घेते आणि त्याला पत्ता लागत नाही.

दंतवैद्य, गवंडी, बँकेतले साहेब, सगळे तिच्या हाताखालून गेले. बाई शिकवते म्हणून कोणी नाक मुरडल्याचं मला आठवत नाही. मग तो उस्ताद आला.

खरं नाव देव जाणे. आपल्या चॅनेलवर तो स्वतःला उस्ताद म्हणवतो. सुरुवातीला बरा होता, खोटं कशाला बोलू. पाठ सरळ ठेवा, मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घाला, एकटं वाटलं तर पळायला जा. ज्यांना घरात असं कोणी काही सांगितलं नव्हतं ते ऐकत बसायचे. मग हळूच सूर बदलला. तुम्ही एकटे का? बायका माजल्यात म्हणून. नोकरी का नाही? बायकांनी पळवली म्हणून. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! पुढे त्याने पैसे भरून शिकायचा वर्ग काढला आणि जाहिरातीला बायका गाड्या कशा ठोकतात त्याचे व्हिडिओ. त्यातल्या निम्म्या गाड्या कोण चालवतंय ते दिसतसुद्धा नाही.

बहीण म्हणायची, “ताई, तू कशाला बघतेस ते? बोलणाऱ्याचं तोंड दुखेल.” पण ते फोनमध्ये राहिलं असतं तर ना. तेच विनोद सकाळी रेडिओवर आले. गाडीच्या विम्याच्या जाहिरातीत आले. नगरपालिकेच्या सभेत एक सभ्य गृहस्थ उठून म्हणाले, महिलांची परीक्षा गर्दी नसताना वेगळी घ्यावी, त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. त्या गृहस्थांनी उस्तादाचं नावही ऐकलं नसेल. आणि एक दिवस आमच्या बाईच्याच ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने दारावर पाटी लावली, ‘पुरुष प्रशिक्षक मिळतील.’ हा माणूस स्वतः तिच्याकडे शिकलेला. “काय करू बाई, गिऱ्हाईक मागतं,” म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती म्हणाली, “जाऊ दे, माझ्याकडे बायका येतील.” आल्याही.

त्यातली एक हॉस्पिटलातली नर्स, सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. वॉर्डातल्या रात्रपाळ्यांनी ती पिचून गेली होती. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन औषधपाणी करायचं दिवसाचं काम तिला मिळत होतं. मुलगी शाळेतून यायच्या आत घरी. अट एकच, महिनाअखेर लायसन्स हवं. हात चांगला होता तिचा. बहिणीने शिकवताना एकदाही दिवा लागू दिला नाही, कारण गरजच पडली नाही.

परीक्षेच्या दिवशी बाजूच्या सीटवर परीक्षक बसतो आणि शिकवणारा मागे. परीक्षकाला ब्रेक दाबावा लागला की संपलं, नापास. साहेब तरुण, बोलायला गोड, सिस्टरसाठी दार उघडून धरणारे. सगळं छान चाललं. पुढे पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपाशी एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन उभे. सिस्टरचा पाय ब्रेककडे गेला, गाडी मंदावली, आणि तेवढ्यात तांबडा दिवा लागला.

“साहेब, ती थांबतच होती,” बहीण मागून म्हणाली.

“थांबल्याही असत्या. पण बायकांना जरा उशिरा सुचतं ना, म्हणून मी आधीच पाय ठेवून असतो.”

“हे कुठे शिकवलं तुम्हाला?”

“शिकवायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे.”

माणूस रागावला नव्हता, खवचटही बोलत नव्हता. बहिणीला तेच झोंबलं. शिवी दिली असती तर तिने परत दिली असती. मोठ्या साहेबांच्या टेबलाशी जाऊन ती इतकी भांडली की शेवटी महिना संपायच्या आदल्या दिवशी पुन्हा परीक्षा मिळाली. परीक्षक तेच. कचेरीत दुसरा होताच कुठे?

इकडे सिस्टरचं अवसान गेलं. मोकळ्या रस्त्यावर ती मधेच थांबायला लागली. “मॅडम, तुमचा पाय ब्रेकवर असू द्या हं. मला खरंच उशिरा सुचतं बहुतेक.” बहीण म्हणाली, “चुलीत गेला तुझा साहेब.” तिने चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली. नियमात बसत नाही ते. ऐन गर्दीच्या चौकातून, बसच्या मागून, शाळा सुटायच्या वेळी, बाई मांडी घालून. सिस्टर आधी किंचाळली, मग शिव्या दिल्या, मग गाडी चालवली. सलग तीन दिवस तिने अशी गाडी चालवली. “मला घाम फुटला होता, ताई,” बहीण मला म्हणाली, “पण दाखवते कशाला.”

दुसऱ्या परीक्षेत दिवा लागला नाही. गाडी कचेरीसमोर उभी राहिली तेव्हा साहेब मनापासून खूश होते. खिशातून पेन काढत म्हणाले, “वा सिस्टर! अगदी पुरुषासारखी चालवलीत.”

सिस्टर म्हणाली, “थँक्यू, साहेब.”

आणि माझी बहीण, जी आयुष्यात कोणाचं ऐकून घेत नाही, मागच्या सीटवर ओठ मिटून बसली. सही अजून व्हायची होती.