तिसरं नाव

संगणक बसवणाऱ्याने मला फसवलं, आणि त्याचा आळ माझ्या भाजे गावच्या दुकानातल्या बाईवर घातला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाची बाजू घ्यायची याचा पुढे घोळ नको.

चिक्कीची पाटी डोक्यावर घेऊन मी लोणावळ्याच्या पॉइंटांवर फिरले आहे. आज तीन दुकानं आहेत: लोणावळ्याच्या बाजारात, तळेगावला स्टेशनजवळ, आणि भाजे गावात लेण्यांच्या वाटेवर. तिन्हींचं बिलिंग एकाच सर्व्हरवर ठेवायचं ठरलं. सर्व्हर लोणावळ्याच्या दुकानाच्या माळ्यावर. दुकानांत नुसते संगणकाचे पडदे. तिथून नाव-पासवर्ड टाकून सर्व्हरच्या आत शिरायचं आणि काम आतच करायचं. बसवणाऱ्याला मी एकच विचारलं होतं, तिघं एकदम आत बसतील ना? "मॅडम, तीन काय, तीस बसवा," तो म्हणाला. मग मी भाव पाडला आणि तो कुरकुर न करता कबूल झाला. गुळाच्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करण्यात माझं आयुष्य गेलं, पण कुरकुर न करणारा विक्रेता मला पहिल्यांदाच भेटला होता.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. पावसाळ्यात तो एकदा येऊन 'अपडेट' करून गेला आणि कटकट सुरू झाली. भाजेचं दुकान सगळ्यांत उशिरा उघडतं, कारण लोकलने मळवलीला उतरलेली मंडळी चालत येईपर्यंत तिथे गिऱ्हाईक नसतं. ते उघडलं की कधी लोणावळ्याचा पडदा काळा व्हायचा, कधी तळेगावचा. बिल अर्धवट, गिऱ्हाईक पुडा हातात घेऊन उभं. फोन केला की तो सांगायचा, धुक्याने लाइन पडते. धुकं सरलं, ऊन पडलं, पडदे काळे होतच राहिले. मग त्याने दुसरं कारण काढलं. भर दुकानात, माझ्या माणसांदेखत म्हणाला, "भाजेच्या बाई भलतंच काहीतरी दाबतात. अडाणी माणूस बसवलं की असंच होणार, मॅडम."

ही बाई माझ्या पाटीच्या दिवसांपासूनची. दोन दिवसांत तिच्या कानावर गेलं आणि ती लोणावळ्याला येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"घ्या ताई, दुकानाची किल्ली. मशिनीला माजा हातच न्हाई चालत."

"किल्ली उचल आणि खाली बस," मी म्हणाले.

ती गेली असती तर ते दुकान मी दुसऱ्या कोणाच्या भरवशावर ठेवलं नसतं, बंदच केलं असतं. मी विचारलं, दाबतेस तरी काय? ती म्हणाली, पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारतं, म्हणून तिने त्यालाच फोन केला होता. "त्यांनीच सांगितलं, वरलं नाव धरायचं आन ओके दाबायचं. रोज तेच करती मी."

माझं डोकं तापलं. पण नुसतं तापून काही सिद्ध होत नाही. तराजूचा संशय आला की आम्ही पारडी बदलतो. वजनाच्या जागी माल, मालाच्या जागी वजन. खोट तराजूत असेल तर ती मालाबरोबर हलत नाही, आपल्याच बाजूला राहते.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर सर्व्हरसमोर बसले. आत कोण कोण आहे ते दाखवणारी खिडकी उघडली आणि फोनवरून दुकानांचा क्रम बदलला. भाजे पहिलं आत. मग लोणावळा. शेवटी तळेगाव. तिथेही तोच इंग्रजी प्रश्न आला; मी वरचं नाव धरून ओके दाबायला सांगितलं. तळेगाव शिरलं, आणि आतलं एक नाव पडलं. पुन्हा सगळ्यांना बाहेर काढलं, लोणावळ्याला शेवटी घेतलं. पुन्हा तेच. खोट भाजेत नव्हती, तिसऱ्या जागेत होती.

त्याला बोलावलं आणि त्याच्यासमोर तोच खेळ पुन्हा मांडला. आकाश निरभ्र होतं, धुक्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. तेव्हा त्याने तोंड उघडलं. सर्व्हर मुळात दोघांनाच आत घेतो; तिसरा आला की आतल्या दोघांपैकी कोणाला बाहेर काढू, असं त्यालाच इंग्रजीत विचारतो. जास्त माणसांसाठी वेगळी लायसन्स लागतात. पहिले महिने फुकटच्या मुदतीवर चालले होते. ती संपल्यावर 'अपडेट'च्या नावाखाली त्याने दोघांपुरतं करून ठेवलं.

"मॅडम, तुम्ही भाव एवढा कमी केलात, मग मला कुठेतरी..."

"भाव मी तुझ्या तोंडावर बोलून कमी केला. तू माल न बोलता कमी केलास."

त्याच भावात लायसन्स आली. ती बसवताना मी त्याच्या शेजारून हलले नाही. प्रत्येक दुकानाला वेगळं नाव दिलं. फुलीवर दाबून खिडकी बंद केली तरी माणूस आतच बसून राहतो, नीट लॉग आउट करावं लागतं, हेही कळलं. जो बराच वेळ हात हलवत नाही त्याला सर्व्हरने आपोआप बाहेर काढावं, ही सोय मी स्वतः लावली. आता त्या खिडकीची मालकीण मी आहे.

शनिवारी समोरचं दुकान दिसेना इतकं धुकं होतं. खाली गिऱ्हाइकांची रीघ. खिडकीत तिन्ही नावं, आणि एकही पडेना. भाजेहून फोन आला.

"ताई, दिसती का मी आत?"

"दिसतेस," मी म्हणाले. "बिलं फाड."

त्याने माझी माफी मागितली, फोनवर, हळू आवाजात. ती मला नको आहे. अडाणी हा शब्द त्याने भर दुकानात उच्चारला होता. तेव्हा मी त्याला सांगितलं, आता भाजे गावात ये. गर्दीच्या वेळी काउंटरसमोर उभा राहा, आणि वरचं नाव धरायला तिला कोणी सांगितलं होतं, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं तिला सांग. कधी येतोस?